मामींचा रुसवा आणि वज्रस्पर्शाचे कलम

सूज्ञ वाचकहो, चित्त ठिकाणी ठेवून ऐकणे. ऑनलाइन खेळाच्या राज्यात जादूगार आणि तलवारवाले या दोन जमातींमध्ये स्पर्शमंत्रावरून जो मोठा बखेडा माजला, तो कोणे कारणे उठला, कोणी शर्थ केली आणि अखेरीस कलम कैसे कायम जाहले, ही हकीकत आम्ही घडली तैसी लिहितो. आम्हांस मामींच्या घरचा चहा मिळतो, सबब मामींकडे झुकून लिहितो, ऐसे कोणी म्हणेल तर खुशाल म्हणो. चहा उत्तम असतो.

त्या राज्याचा कारभार दुसऱ्या मजल्यावरील एका खोलीतून चाले. खोलीत चार टेबले, एक कुरकुरता पंखा आणि एक किटली, एवढ्या सरंजामावर हजारो वीरांचे जगणे-मरणे ठरे. नियमांचा अखत्यार सारा भाचीकडे. बाई मोठी करारी, परंतु घरच्या माणसांपुढे मेणाहून मऊ. तिनेच हौसेने आपल्या मामामामींस या खेळात आणिले आणि तेच तिच्या अंगाशी आले. मामा निवृत्त शिंपी, ते जादूगार जाहले. मामी निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी तलवार धरिली. मामांचा संगणक बाहेरच्या खोलीत, मामींचा आतल्या खोलीत, मध्ये एक भिंत. आणि पाहता पाहता मामा सर्व जादूगारांचे सरदार जाहले, आणि मामी तलवारवाल्यांच्या सरलष्कर.

आता वज्रस्पर्श म्हणजे काय, ते सांगणे प्राप्त आहे. जादूगाराने मंत्र म्हणावा, मग त्याचे तळहातात वीज भरावी, आणि त्या हाताने शत्रूस नुसते शिवावे, की शत्रू खलास. चिलखत असो, ढाल असो, काही उपयोग नाही. मामींनी राक्षसांच्या मुलखात वणवण करून काळ्या पोलादाचे चिलखत मिळविले होते, त्याचा दिमाख सर्व राज्यात गाजत होता. ते लेवून मामी प्रथमच किल्ल्याच्या दरवाजात उभ्या राहिल्या, आणि मामांनी मागून येऊन एक बोट लाविले. मामी जागीच पडल्या. भिंतीपलीकडे मामा खो खो हसले, आणि ते हसणे फार महागात पडले.

मामींनी संगणक बंद केला आणि फर्माविले की, ज्या राज्यात मेहनतीस बोटाइतकीही किंमत नाही, त्या राज्यात आपण राहणार नाही. या आठवड्याअखेर नाव काढून घेऊ. त्याउपरि घरात अबोला पडला. मामींनी ताट वाढावे, परंतु शब्द वाढू नये. हे वर्तमान तलवारवाल्यांत पसरताच त्यांनीही कळविले की, मामी नाहीत तेथे आम्ही नाही. मग खेळाचे धनी हवालदिल होऊन कचेरीत आले आणि हुकूम केला की, तलवारवाले गेल्यावर जादूगारांनी शिवावे कोणास? मामी राहतील तर खेळ राहील, न राहतील तर कचेरीस कुलूप घालावे. भाचीचे तोंडचे पाणी पळाले. नोकरी जाणार ते दुःख होतेच, परंतु आपल्या नियमापायी मामीने मामांशी बोलणे टाकिले, याचे शल्य तिला अधिक होते.

मग मसलत बसली आणि भाचीने नवे कलम काढिले. ऐसे की, मंत्र म्हटल्यावर वीज हातात राहील, आणि हात प्रथम ज्यास लागेल त्यावरच पडेल. दारास लागला तर दारावर, घोड्यास लागला तर घोड्यावर. जादूगारांनी जपून राहावे, इतकाच हेतू. कचेरीतील मंडळींनी दारे फोडून पाहिली, एक घोडा मारून पाहिला, आणि कलम चोख आहे म्हणोन जारी केले.

परंतु एक गोष्ट कोणाचे ध्यानी आली नाही. कचेरीतील चित्रकारास खाशास दाढी म्हणून उगवेना, सबब आपली सारी हौस त्याने जादूगारांच्या दाढीवर भागविली होती. जादूगार कोठेही क्षणभर उभा राहिला, की त्याचा हात आपोआप वर जावा आणि त्याने विचारमग्न होऊन दाढी कुरवाळावी, ऐसी नामी करामत त्याने केली होती. झाले! कलम जारी होताच जादूगारांची फौज मंत्र म्हणून, हातांत विजा भरून, बाजाराच्या चौकात शत्रूची वाट पाहत उभी राहिली, आणि सर्वांनी एकसमयावच्छेदेकरून दाढीस हात लाविला. अहाहा, काय तो उजेड! सारी फौज आपल्याच हाताने गारद जाहली, आणि मामाही त्यातच गेले.

आतल्या खोलीतून मामींचे हसू ऐकू आले. भाचीने फोनवर विचारिले की, आता तरी राहतेस ना? तो मामींचा निकाल आला की, शत्रू दाढीने मेला आणि आपण जिंकलो, ऐसी फत्ते आम्हांस नको. इकडे जादूगारांनी बोंब ठोकिली, आणि दाढी कुरवाळणे काढून टाकावे म्हणता चित्रकार राजीनामा घेऊन उभा राहिला. आगीतून फुफाट्यात, दुसरे काय!

रविवारी दुपारी भाची मामींची समजूत घालण्यास गेली. मामी स्वयंपाकघरात भाजी निवडीत होत्या. मामांस डॉक्टरांनी गोड वर्ज्य केलेले, तरी ते पाणी पिण्याचे निमित्ताने आत आले, आणि बोलता बोलता त्यांचा हात साखरेच्या डब्याकडे सरकला. मामींनी मान वर न करिता त्यांचे मनगट मधल्यामध्ये पकडिले. मामांचा हात पुढे जाईना, आणि मामींस सोडिता येईना, कारण सोडिला की डबा गेला. अबोला चालू, सबब दोघे मुकाट तैसेच उभे. भाची एकदम ओरडली,

“मामी, अस्संच धरून ठेव!”

आणि चप्पल उलटी घालून कचेरीकडे धावली.

तेथे तिने कलम नव्याने बांधिले. ऐसे की, वीज भरलेला हात अंगाशी येण्याआधी शत्रूने त्याचे मनगट धरिले, तर वीज दोघांमध्ये अडकून राहील. मग जो प्रथम हात सोडील, त्याजवर पडेल. दाढीस सर्व विजा माफ. मामींस कलम वाचून दाखविले, तो त्यांनी इतकेच मान्य केले की, एकवार मैदानात येऊन पाहू, पटले नाही तर तेथूनच रामराम.

संध्याकाळी उभय फौजा समोरासमोर ठाकल्या. मामींनी चहाचे दूध गॅसवर ठेविले होते, तेवढ्यात शिंग वाजले आणि त्या तैशाच जाऊन बसल्या. मामांनी मंत्र म्हटला, हात पुढे केला, आणि मामींनी तो अंगाशी येता येता धरिला. वीज कडाडली आणि दोघांमध्ये अडकली. दोन्ही फौजा लढाई विसरून पाहत राहिल्या. कोणी सोडीना. आणि कित्येक दिवसांचा अबोला भिंतीआडूनच मोडला.

“अहो, सोडा हात!”

“अगं, आधी तू सोड!”

“मी नाही सोडणार. बघू किती वेळ धरता!”

इतक्यात दुधाचा वास सुटला. भिंतीच्या दोन्ही बाजूंस तो पोचला. मनगट धरून ठेवण्याचे जे बटण, त्यावरचे बोट मामींनी हलविले नाही. फत्ते समोर दिसत होती, आणि त्याहून खरे म्हणजे इतक्या दिवसांनी धरलेला हात सोडवेना. मामांनी सोडिला. वीज त्यांजवर पडली, जादूगारांचे सरदार दाढीसकट जळाले, आणि तलवारवाल्यांनी जयजयकार मांडिला. मामी उठून स्वयंपाकघरात आल्या, तो मामा गॅस बंद करून ओटा पुसत होते. मामी दारात क्षणभर उभ्या राहिल्या, मग त्यांनी मामांच्या हातातले फडके घेतले आणि म्हणाल्या,

“उद्या हात जरा चपळाईने पुढे करा. आज फारच सहज सापडलात.”

मामांनी उद्या म्हणजे उद्याच ना, ऐसे दोनदा विचारून घेतले, आणि लागलीच भाचीस फोन केला. येणेप्रमाणे मामी राज्यात राहिल्या, त्यांच्यामागे तलवारवाले राहिले, धन्यांनी कुलुपाचा हुकूम मागे घेतला, आणि वज्रस्पर्शाचे कलम उभय जमातींच्या संमतीने कायम जाहले. फत्ते मामींची, ऐसी नोंद आम्ही येथे करितो. हात कोणी आणि का सोडिला, हे मामी जाणतात, सबब या नोंदीस मामांची हरकत नाही.