दौलतकाकांचं चेकिंग

आमच्या उमरखेडात कुणाच्या घरी परदेशातून व्हिडिओ कॉल आला, की बोलणाऱ्याच्या खांद्यामागे दौलतकाकांचं डोकं हजर झालंच म्हणून समजा.

"चेहऱ्याकडं काय पाह्यता? चेहरा खोटं बोलते. मांगची भिंत पाहा!"

काका एसटीच्या तपासणी पथकात होते. जन्मभर विनातिकीट प्रवासी पकडले. मग ते निवृत्त झाले, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. गल्लीतली पोरं एकेक करून कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलियाला गेली आणि काकांना नवा रूट मिळाला. परदेशात राहणारी माणसं घरच्यांपासून काहीतरी लपवतात, आणि ते हुडकून काढायला देवाने आपल्यालाच नेमलं आहे, अशी त्यांची ठाम समजूत आहे.

गुप्तहेर म्हटला की सांकेतिक भाषा आलीच. नोकरी गेली म्हणजे 'गाडी फेल'. नवरा-बायकोचं फाटलं म्हणजे 'शिटा अलग'. पाळणा हलणार असेल तर 'अर्धं तिकीट'. माझ्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असताना काका काउंटरवर झुकून कुजबुजतात, "मामला गहिरा हाये. ऑस्ट्रेलियात अर्धं तिकीट चढून राह्यलं." गिऱ्हाईक गोळ्या विसरून आमच्याकडे बघत राहतं. आणि गंमत म्हणजे ती बातमी खरी निघाली. ऑस्ट्रेलियातल्या त्या पोरीच्या मागच्या फळीवर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या वाढत चालल्या होत्या, एवढ्यावरून काकांनी ओळखलं होतं.

काकांनी हुडकलेलं गुपित त्या पोराच्या आई-बापांपलीकडे जात नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मला सांगतात, कारण डॉक्टरापासून काही लपवू नये म्हणे. मी डॉक्टर नाही, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

कधीकधी तोंडावरही पडतात. राठोड मास्तरांचा पोरगा जर्मनीत असतो. त्याच्या मागे काकांना लाल काठाचं लुगडं लटकताना दिसलं. "मास्तर, पोरानं गुपचूप लगन केलं. घरात बाईमानूस हाये!" मास्तरीणबाईंनी रडून घर डोक्यावर घेतलं. "कोन हाये ते? आन तिले समोर!" पोरगा बिचारा गोंधळून मोबाईल घेऊन त्या लुगड्यापाशी गेला. ती तर मास्तरीणबाईंनीच आपली जुनी लुगडी जोडून, थंडीसाठी म्हणून धाडलेली गोधडी निघाली. पोराने ती खिडकीला पडदा म्हणून लावली होती. काका एवढंच म्हणाले, "तिकीट इचारनं माहं काम. त्यानं दाखवलं, सुटला."

तर अशा या काकांचा एकुलता एक मुलगा विनोद टोरंटोला असतो. काकी वारल्यापासून काका घरी एकटेच. दर रविवारी सकाळी विनोदचा फोन येतो. परवा मी तिथंच चहा पीत बसलो होतो. फोन वाजला, आणि काकांनी चक्क चष्मा काढून खिशात ठेवला! चष्म्याशिवाय काकांना भिंत सोडा, पोरगाही धड दिसत नाही.

मला मात्र दिसत होतं. पूर्वी विनोदच्या मागे सोफा असायचा, सुनेने हौसेने लावलेल्या कुंड्या असायच्या. आता उघडी भिंत, खाली एक गादी आणि न उघडलेली खोकी.

"स्वाती कुठी गेली बापा?"

"ड्युटीवर, बाबा."

"बरं. जपून राहाय म्हन तिले."

फोन ठेवून काका उठले आणि पार्सल बांधायला बसले. माझी पुतणी शिकायला टोरंटोला निघाली होती, तिच्यासोबत ते जाणार होतं. विनोदसाठी तिखट, कुरड्या. आणि सुनेला आवडतात म्हणून मुंगवड्यांची वेगळी पिशवी. मला राहवेना.

"काका, स्वाती तिथं..."

"शिटा अलग हायेत," काका शांतपणे म्हणाले. "मले मालूम हाये. दिवाळीतच दिसलं."

"मंग इचारत काहून नाही त्याले?"

"अरे, तो तिथं एकटा राह्यते. हप्त्यातून एकदा माह्यासमोर हासते. मी इचारलं त तो शरमून फोन करनंच सोडून देईन." मग पिशवीला गाठ मारत म्हणाले, "चष्मा असला का नजर भिंतीवर जाते माही. आन पोरगं माहं हाये, त्याले लगेच समजते."

जन्मभर कुणाला बिनतिकिटाचं न सोडणाऱ्या माणसाने या एकाला सोडलं होतं. मी पिशव्या उचलल्या आणि घरी आलो.

पार्सल पोचल्यावरच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. विनोद हसत होता. "बाबा, मुंगवड्या स्वातीले लय आवडल्या. सगळ्या तिनंच खाल्ल्या."

काका चष्म्याविना धुरकट दिसणाऱ्या त्या स्क्रीनकडे बघून हसले. "खाऊ दे. अजून धाडतो." मग मोबाईल अगदी तोंडाजवळ नेऊन हळूच म्हणाले, "पन तू बी जेवत जाय बापा, पोटभर."