बसण्याचा हक्क

प्रफुल्ल मेश्राम गाझियाबादच्या एका खासगी मॅनेजमेंट संस्थेत 'श्रम आणि वर्ग' हा विषय शिकवत. व्यवस्थापन म्हणजे एका वर्गाने दुसऱ्याच्या कामावर ठेवलेली नजर, हे ते भावी व्यवस्थापकांना पोटतिडकीने सांगत आणि तास संपला की हजेरीच्या यंत्रावर अंगठा टेकवत. त्यांची नेमणूक अकरा महिन्यांची असे.

संस्थेतल्या आठ सफाई कामगार बायकांना दिवसभर टेकायला जागा नव्हती. मेश्रामांनी तीन महिने खपून यावर शोधनिबंध लिहिला. आता नोकरी जाणार, अशी त्यांनी मनाची तयारीही केली. संचालिका संपदा मॅडमनी मात्र चहा मागवला.

"बिल्कुल हेच हवं होतं. रँकिंगमध्ये टीकेला गुण आहेत, आणि आपल्याकडे टीका करणारं कुणी नव्हतं. आता शिफारस द्या."

मेश्रामांनी आठ खुर्च्या सुचवल्या. त्या आल्या. त्यांचा वापर होतो का हे पाहणं ओघानेच आलं, म्हणून बसण्याची नोंदवही ठेवली गेली. महिनाअखेरीस असं निष्पन्न झालं की, जेवणाची सुट्टी धरून, प्रत्येक बाई रोज तीन तास बसते. आठ जणींचे चोवीस तास. म्हणजे आठ तासांच्या पाळीने तीन कामगार नुसत्याच बसून आहेत. तिघींना कमी करण्यात आलं. आदेशात मेश्रामांच्या निबंधाचा संदर्भ होता, पान क्रमांकासह.

त्या तिघींतली राजवती सोळा वर्षं तिथे झाडू मारत होती. ती कागद घेऊन आली.

"सर, हमने अर्ज़ी लिखी है. आप भी दस्तख़त कर दीजिए, आपकी बात सुनते हैं."

मेश्रामांचे वडील भाऊराव नागपूरला मालधक्क्यावर हमाल होते. त्या आठवणीने त्यांचा हात पेनाकडे गेलासुद्धा.

संध्याकाळी मयूर विहारच्या घरी त्यांच्या बायकोने, लुंबिनीने विचारलं, "सही केलीस?"

"शुद्धलेखन दुरुस्त करून दिलं."

"आणि सही?"

"नेमणुकीचं पत्र पुढच्या आठवड्यात निघतंय, यार."

लुंबिनीने त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि ती आत निघून गेली. ते त्यांना जास्त लागलं. त्या अस्वस्थतेतून त्यांनी नवा निबंध लिहिला: 'मध्यमवर्गाचं मौन'. तो खूप वाचला गेला. वाचणारे हळहळले, आणि नेमकं लिहिलंय म्हणाले.

राजवतीने अर्ज संस्थेच्या फाटकाशी चिकटवला आहे. वाचून तुम्हालाही वाईट वाटलं असेलच. सह्या आठच आहेत; खाली जागा भरपूर आहे.