खळदकरांचा ताणकाटा

माझ्या दुकानात लोक ग्राफिक्स कार्ड नाना तऱ्हांनी बघतात. काही जण डोळ्यांनी बघतात. काही जण मोबाइलवर फोटो काढतात आणि तोच फोटो शेजारच्या दुकानात दाखवून भाव पाडून घेतात. एकानं तर नारळासारखं कानाशी हलवून पाहिलं होतं. पण कार्ड पिशवीत घालून, ती पिशवी हुकाला टांगून, त्याचं वजन करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे खळदकर.

इतर लोकांच्या खिशातून पेन निघतं, खळदकरांच्या खिशातून ताणकाटा निघतो. पितळेचा, स्प्रिंगचा, वर कडी आणि खाली हूक. पहिल्याच दिवशी त्यांनी तो काढला, आधी रिकामी कापडी पिशवी टांगून तिचं वजन बघितलं, मग माझं सर्वांत महागडं कार्ड तिच्यात घालून हात वर धरला.

"अहो काका, ही काय मेथीची जुडी आहे का?" मी ओरडलो.

"मेथी जुडीवर विकतात, वजनावर नव्हे," काट्यावरची नजर न हलवता ते म्हणाले. "तुमची उपमा चुकली."

वजनमापे खात्यात त्यांची उभी हयात निरीक्षक म्हणून गेली. मंडईत ते शिरले की भाजीवाले तागडीखाली चिकटवलेलं चुंबक काढून तोंडात टाकायचे, असं ते स्वतःच अभिमानानं सांगतात. खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचा पत्ता आहे का, महिना छापलाय का, निव्वळ वजन किती, हे वाचून झाल्याशिवाय ते आतल्या वस्तूकडे बघत नाहीत. "जे वजनात खोटं, ते कामातही खोटं," हे त्यांचं ब्रीद. मला ते नावानं हाक मारत नाहीत. दुकानावर दीड फुटी अक्षरांत माझं नाव आहे, रात्री त्यात दिवेही लागतात, तरी मी आपला "अहो दुकानदार".

आता हेही सांगतो की त्यांनी मला गंडवलं कसं. मी कोणाकडून सहजी गंडत नाही. बिबवेवाडीच्या फुटपाथवर टीव्हीचे रिमोट विकत मी बुधवार पेठेतल्या या गाळ्यापर्यंत आलोय. गिऱ्हाइकाच्या चपलेकडे बघून मी त्याची ऐपत सांगतो. खळदकरांच्या चपलेला तीन ठिकाणी टाके होते, म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही. तेव्हा ते म्हणाले, "गेम खेळण्यासाठी उत्तमातला उत्तम संगणक बांधून घ्यायचाय. किमतीचं तुम्ही बघू नका."

पुण्यात हे वाक्य कोणी उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि चहा मागवला.

"कुठला गेम खेळता काका?"

"बुद्धिबळ."

"बुद्धिबळाला हे कार्ड?"

"मी सावकाश खेळतो," ते म्हणाले. याचा कार्डाशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. ज्याचा पैसा त्याचा उंट.

असा संगणक तयार मिळत नाही. कार्ड, बोर्ड, प्रोसेसर, मेमरी, कूलर, पॉवर सप्लाय आणि हे सगळं मावेल असं कॅबिनेट, एकेक वस्तू दुसरीशी जुळवून निवडावी लागते. मी तासभर घसा कोरडा करून सगळं जुळवलं. खळदकरांनी एकेक वस्तू टांगून पास केली. मी बिलाचं पुस्तक उघडलं. तेव्हा ते उठले.

"उत्तम. फक्त एकदा सल्लागारांना विचारतो."

दुकानाच्या पायरीवर उभे राहून, तोंडावर हात धरून, ते फोनवर बराच वेळ काहीतरी कुजबुजले आणि परत आले.

"सल्लागार म्हणतात, पॉवर सप्लाय कमी पडेल. पुढच्या शनिवारी येतो."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की जणू नातवाचा बोर्डात नंबर आला.

तेव्हापासून दर शनिवारी कोथरूडहून बस पकडून खळदकर हजर. मी पॉवर सप्लाय मोठा केला, तर सल्लागार म्हणाले कॅबिनेट आखूड आहे, कार्ड मावणार नाही. खळदकरांनी पट्टी काढून माझ्यासमोर मोजलं, आरामात मावत होतं. तरी "सल्लागार म्हणतात म्हणजे काहीतरी असणार". कॅबिनेट बदललं, तर मेमरीच्या पट्ट्या उंच, कूलरला अडतील. पट्ट्या बदलल्या, तर आता थांबा, लवकरच नवं कार्ड येतंय. अरे, नवं तर दरवर्षी येतं! म्हणून माणसं लग्नं करायची थांबतात का?

मला सांगा, दुकानदारानं भांडायचं कोणाशी? समोरच्या गिऱ्हाइकाशी मी दिवसभर भांडू शकतो, तो माझा धंदा आहे आणि छंदही. पण हा सल्लागार दिसत नाही, चहा पीत नाही, आणि पायरीवरच्या फोनमधून माझा पंचपक्वान्नांचा घास काढून घेतो. मी मनात त्याचं चित्र तयार केलं होतं. एसीत बसलेला, पायावर पाय टाकलेला, फुकटचं ज्ञान पाजळणारा. एकदा मी हात पुढे करून म्हटलं, "द्या तो फोन, मीच बोलतो तुमच्या सल्लागाराशी."

खळदकरांनी फोन झटकन शर्टाच्या आत घातला. "छे छे! ते कामात असतात. त्यांना उगीच त्रास नको."

"आणि मी काय इथे पतंग उडवतोय?"

"तुम्ही दुकानदार आहात," खळदकर म्हणाले. "त्रास हा तुमच्या किमतीत धरलेला असतो."

शेवटी मी इरेला पेटलो. सल्लागाराचे सगळे जुने आक्षेप आठवून, एकाही फटीत त्याचं नख शिरणार नाही असा संच जमवला. भाव असा लावला की सख्ख्या भावानं मागितला असता तर त्याला मी दुकानाबाहेर काढलं असतं. शनिवारी सगळी खोकी काउंटरवर रचून म्हणालो, "टांगा काका. सगळं टांगा. आणि मग करा फोन."

त्यांनी सगळं टांगलं. एक ग्रॅम इकडचा तिकडे नव्हता. ते पायरीवर गेले आणि या वेळी लगेच परत आले. खुर्चीत बसले.

"काय म्हणतात साहेब?" मी दातओठ खात विचारलं.

"घ्या म्हणाले."

मी बिलाच्या पुस्तकावर झडप घातली. जिंकलो होतो. पण खळदकर पिशवीची घडी घालत होते, ती मोडत होते, पुन्हा घालत होते.

"का हो दुकानदार, हे वरचेवर बिघडतं का?"

"बिघडतंय कसलं! मी बसवलेली वस्तू आहे. पाच-सात वर्षं बघायला नको."

"पाच-सात वर्षं?" त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे कोणाला काही विचारायचीसुद्धा गरज नाही?"

"कोणालाही नाही!" मी छाती ठोकून सांगितलं.

"असं," ते म्हणाले. चेकबुक घरी राहिलंय, पुढच्या शनिवारी नक्की आणतो, असं सांगून निघाले. पायरी उतरताना त्यांनी कठड्याला धरलं. एरवी ते कधी धरत नाहीत.

बुधवारी दुपारी हेल्मेट हातात घेतलेला एक पस्तिशीचा माणूस दुकानात आला. खळदकरांचं नाव घेऊन म्हणाला, "त्यांना जे मशीन देताय, ते चांगलं आहे ना? एकदा बघायचं होतं."

"तुम्ही कोण?"

"मी..." तो थोडा अडखळला. "ते मला सल्लागार म्हणतात."

इतके दिवस साठवलेलं सगळं मी बाहेर काढलं. आवाज समोरच्या पुस्तकांच्या दुकानापर्यंत गेला असणार, कारण तिथली गिऱ्हाइकं पुस्तकं उघडी टाकून बघायला लागली. तो माणूस ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. पहिल्या दिवशीचीच निवड चांगली होती."

"मग 'नाही' कशाला म्हणालात?"

"हो म्हटलं असतं, तर पुढच्या शनिवारी बाबांनी मला कशासाठी फोन केला असता?"

"बाबा? मुलगा का तुम्ही त्यांचा?"

"जावई. म्हणजे होतो. दोन वर्षं झाली त्यांची मुलगी आणि मी वेगळे होऊन. तिचं आता दुसरं लग्न ठरतंय, चांगलं आहे. त्यांच्या घरात माझं नाव काढत नाहीत, आणि काढूही नये." हेल्मेटची पट्टी तो उगीच लावत-काढत होता. "मला वडील नाहीत. बाबा आणि मी रविवारी तळजाईला चालायला जायचो. रस्त्यात भेळवाल्याचं माप तपासायचे, मला लाज वाटायची. मध्ये वर्षभर काहीच बोलणं नव्हतं. मग एके शनिवारी अचानक फोन आला, 'तुम्ही संगणकातले आहात, जरा एक सल्ला हवा होता.'"

"अहो, मग सरळ फोन करून गप्पा मारा की!"

"कुठल्या नात्यानं?" तो म्हणाला.

मी पंखा त्याच्याकडे वळवला. मी विचारलं, "मग गेल्या शनिवारी 'हो' का म्हणालात?"

"म्हातारा माणूस, किती दिवस अडवून ठेवायचं? मला वाटलं, त्यांना खरंच खेळायचं असेल." जाताना दारात थांबून म्हणाला, "मी येऊन गेलो, हे सांगू नका त्यांना."

शनिवारी खळदकर आले. दाढी गुळगुळीत, इस्त्रीचा शर्ट आणि चेहरा दहाव्याला निघाल्यासारखा. खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी चेकबुक काउंटरवर ठेवलं.

"करा बिल."

चेकबुक उघडलेलं गिऱ्हाईक मी जन्मात परत पाठवलेलं नाही. माझा हात आपोआप बिलाच्या पुस्तकाकडे गेलासुद्धा.

"काका, काटा द्या जरा," मी म्हणालो.

"कशाला? मागच्या शनिवारी सगळं तपासलंय."

"द्या हो. दुकान माझं आहे."

त्यांनी काटा दिला. मी कूलर त्यांच्याच पिशवीत घातला, हुकाला टांगला आणि हात वर धरला. खोक्यावर बाराशे ग्रॅम छापलं होतं. पिशवी वजा जाता काटा बरोब्बर बाराशेवर उभा होता, दगडासारखा.

"वजन कमी भरतंय," मी म्हणालो.

"अशक्य." खळदकरांनी चष्मा लावला. वाकून काटा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. या माणसानं सोनारांना सोडलं नव्हतं, रेशनवाल्यांना सोडलं नव्हतं, स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याच्या किराणा दुकानाला सील ठोकलं होतं. ते पुन्हा वाकले आणि बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. माझा हात भरून आला.

"शंभर ग्रॅम," ते हळूच म्हणाले. "निदान शंभर ग्रॅम कमी आहे."

"मग? मी तर असला माल विकत नाही. नवा मागवावा लागेल. कधी येईल, सांगता येत नाही."

"बरोबर आहे. घाई करूच नये." चेकबुक त्यांच्या खिशात गेलंही होतं. "थांबा, सल्लागारांच्या कानावर घालतो."

ते पायरीवर गेले. या वेळी तोंडावर हात धरायला विसरले. ऐन शनिवारच्या गर्दीत, माझ्याच नावाच्या पाटीखाली उभं राहून, अख्ख्या बुधवार पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलत होते. "निखिलराव, अहो घोटाळा झाला! दुकानदार लबाड निघाला. कूलर वजनात खोटा! आता सगळं नव्यानं बघायला लागणार... नाही नाही, सावकाश सांगा, मला वेळच वेळ आहे... बरं, तुम्ही जेवलात का?"

दुसऱ्या कोणी मला भररस्त्यात लबाड म्हटलं असतं, तर पायरीवरून खाली गेलेला तो माणूस पुन्हा वर आला नसता. मी खोकी उचलून ठेवली आणि चहा सांगितला.

तो कूलर अजून वरच्या फळीवर आहे. चांगला आहे, गिऱ्हाइकं मागतात. मी सांगतो, देता येणार नाही, वजनात खोटा आहे.