सुकलालआबांचं गच्चीवरचं शेत

ज्वारीचा दाणा कुठवर आलाय, ते नखाला कळतं. दाबल्यावर दूध उडालं तर कोवळा, नख अलगद रुतलं तर हुरड्यात, आणि नखच दुखलं तर कापणीला तयार! सुकलालआबा रोज सकाळी सुरतेतल्या कोसाडच्या कॉलनीच्या गच्चीवर जाऊन अर्ध्यात कापलेल्या निळ्या पिंपांतल्या आपल्या शेताची अशी परीक्षा घेत. अजून नख दुखत नव्हतं.

शेत कोंबड्यांसाठी होतं. लूमवरून सुटका झाल्यावर आबांनी धुळ्याकडच्या गावाहून एसटीतून गावरान कोंबड्या आणल्या आणि जाहीर केलं, "बाजारचा दाणा यांच्या चोचीला लागणार नाही! खान्देशचा शेतकरी आहे मी!" उभी हयात धाग्याच्या गाठी मारण्यात गेली होती, पण छाती नांगरधाऱ्याची!

आबांच्या बायकोला, मालतीबाईंना, शेत नको होतं, स्वयंपाकघरात नवा ओटा हवा होता. त्यांचा ओटा असा कलला होता, की शेगडीखाली अर्धी वीट लावूनही वरण पातेल्याच्या एकाच काठाला उकळायचं. पण म्हातारपणी गावाला जायचं की सुरतेतच राहायचं, हे ठरल्याशिवाय ओट्यावर खर्च कशाला? आणि तेच आबा ठरवत नव्हते. विचारलं की "बघू!" शेवटी मालतीबाईंनी कोंडीत पकडलं, तेव्हा म्हणाले, "घरचा दाणा कोंबडीच्या पोटात जाऊ दे. त्याच दिवशी सांगतो."

तेव्हापासून पिकाला पाणी मालतीबाई घालू लागल्या. कबुतरांवर लाटणं उगारून त्यांनी अशी राखण केली, की कबुतरं शेजारच्या बिल्डिंगीत राहायला गेली!

सगळं सुरळीत चाललं होतं. पण सूनबाईंना, हर्षदाला, कौतुक आवरेना. तिने भरल्या कणसांचा फोटो बिल्डिंगीच्या ग्रुपवर टाकला: "आबांची ज्वारी भरली! रविवारी गच्चीवर बघायला या."

थंडीत सुरतेच्या माणसाला कोवळ्या ज्वारीचा फोटो दाखवून गच्चीवर बोलावलं, तर तो बघायला येतो?

रविवारी खालच्या मजल्यावरच्या भावनाबेन परात भरून सेव घेऊन आल्या. "काका, पोंक क्यां छे?"

"पोंक? हुरडा? अहो बेन, हे कोंबड्यांचं..."

तोवर शेजारचा प्रमोद शेगडी घेऊन वर आला. "आबा, हुरडा म्हटल्यावर राहवलं नाही! लसणाची चटणी आणलीय."

त्याच्यामागून दही आलं, लिंबू आलं, सतरंज्या आल्या, कुणाचे तरी पलसाण्याचे पाहुणेही आले! आबांच्या हातात कोयता. शेतावर आलेल्या माणसाला नाही म्हणायचं? शेतकऱ्याला ते शोभतं? आबांनी मान फिरवली आणि पहिलं कणीस कापलं.

"अहो, काय करी ऱ्हायनात? कोंबड्या काय खातीन?" मालतीबाई कळवळल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर ओटा एकेक कणीस करून भाजला जात होता!

"पाहुणा उपाशी जाईल का?" आबा म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र फुलला होता. गावाकडच्या शेतावर एवढी माणसं त्यांच्या बापाच्या सुगीलाही आली नव्हती.

"काका, पुढच्या साली वधारे, अजून जास्त पेरा!" भावनाबेन तोंडातल्या घासासकट म्हणाल्या. "माझं टब रिकामं पडलंय, ते घ्या!"

"माझ्या बाल्कनीत ऊन भरपूर आहे, आबा!" प्रमोद ओरडला.

बघता बघता पिंपांत कणसांविना नुसती ज्वारीची ताटं उरली. मालतीबाई भिंतीला टेकून मटकन बसल्या. संपलं! आता पुन्हा "बघू"!

एवढ्यात खुराड्याचं दार कुणाच्या तरी धक्क्याने उघडलं. सुंदरा नावाची तांबडी कोंबडी ऐटीत बाहेर आली. सतरंजीवर सेव सांडली होती. तिने ती खाल्ली. चटणी हुंगली, सोडली. मग प्रमोदच्या गुडघ्याशी पडलेला ज्वारीचा एकुलता एक दाणा तिला दिसला.

"कुणी हलू नका!" मालतीबाई कडाडल्या.

सगळी गच्ची थिजली. प्रमोदचा चटणीचा हात हवेतच राहिला. सुंदराने एका डोळ्याने दाणा पाहिला. मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने पाहिला. आणि टिपला!

"गेला पोटात! गेला!" मालतीबाई पदर खोचून उठल्या. "आता बोला! बठ्ठ्यांसमोर, सगळ्यांसमोर बोला!"

आबांनी कोंबडीकडे पाहिलं, कणसं गेलेल्या पिंपांकडे पाहिलं, भावनाबेनच्या टबाचा विचार केला आणि घसा खाकरला.

"उद्या गवंड्याला बोलाव."