कोंबड्याचा पत्ता

"मुलीचे वडील कुठे आहेत?" सरकारी मदतीच्या ऑफिसातल्या मिसेस व्रोबेलनी पुन्हा विचारलं.

"खरंच माहीत नाही हो," लॉरेटा म्हणाली. "फोन बंद आहे. इथं टोलेडो शहरात आहे की ओहायो राज्यच सोडून गेलाय, देव जाणे."

"हे बघा, सरकार तुम्हाला दरमहा रोख मदत देतं. मग बापाकडून पोरीचा खर्च वसूल करायला तुम्ही आम्हाला साथ द्यायची, असा नियम आहे. आज काही सांगितलं नाहीत, तर मदत बंद."

लॉरेटाच्या मांडीवर बसलेली चार वर्षांची जूनी बिस्किट चघळत म्हणाली, "डॅडी कोपऱ्यावर असतो. डॅडी कोंबडा आहे."

मिसेस व्रोबेलनी चष्मा काढला. "पोरीला पढवून आणलंत?"

"नाही हो!"

"मला बसमधून हात करतो तो," जूनी म्हणाली.

जूनीला खुर्चीत बसवून लॉरेटा ताडकन उठली. "ऑफिस बंद करू नका, मी आलेच!"

बसच्या वाटेवरच्या चिकनच्या दुकानासमोर, कोपऱ्यावर पिवळ्या पिसांचा माणूसभर उंच कोंबडा दुकानाच्या जाहिरातीची पाटी घेऊन नाचत होता. लॉरेटाला पाहताच त्याने पाटी टाकली आणि धूम ठोकली.

"कर्टिस! थांब, नाहीतर एकेक पीस उपटीन!"

पण कोंबड्याच्या त्या मोठाल्या पायांनी कुठवर पळणार? बसथांब्याच्या बाकाला अडखळून कोंबडा आडवा झाला.

"पोरीच्या खर्चाचे पैसे थकलेत, मला आत टाकतील गं," कोंबड्याच्या पोटातून आवाज आला.

"माझी मदत बंद होतेय, त्याचं काय? आणि रोज पोरीला हात करत होतास?"

"म्हणून तर हा कोपरा मागून घेतला," तो पुटपुटला.

लॉरेटाने त्याला पंखाला धरून उठवलं.

ऑफिसच्या दारात रखवालदाराने अडवलं. "चेहरा दाखवल्याशिवाय आत नाही."

कोंबड्याच्या वेशाची मानेवरची चेन अडकली होती. रखवालदाराने चोच धरली, लॉरेटाने शेपूट. दोघांनी जोर लावला तसं डोकं फट्‌कन निघालं आणि घामाने निथळणारा कर्टिस बाहेर आला.

मिसेस व्रोबेलनी त्याचा चेहरा संगणकातल्या फोटोशी ताडून पाहिला. पत्ता घेतला. "नोकरी?"

"आहे ना. चिकनच्या दुकानात—"

"नव्हे, होती!" दारातून दुकानाचा मालक धापा टाकत ओरडला. "भर गर्दीच्या वेळी पळतोस? काढ ते कपडे!"

लॉरेटा मिसेस व्रोबेलकडे वळली. "म्हणजे आता याच्याकडून काहीच मिळणार नाही? माझी मदत?"

"तुमचं काम त्याला शोधून द्यायचं," मिसेस व्रोबेल म्हणाल्या. "ते तुम्ही केलंत. मदत चालू राहील."

मालक रिकामी पिसं खांद्यावर टाकून निघाला होता. दारात थांबून त्याने लॉरेटाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू बरी पळतेस. नाचता येतं?"

"नोकरी लागली तर आम्हाला कळवायचं हं," मिसेस व्रोबेल घाईने म्हणाल्या. "तोही नियमच आहे."

सोमवारी कोपऱ्यावर कोंबडा पुन्हा उभा राहिला, जरा बुटका. पलीकडच्या फुटपाथवर जूनीला खांद्यावर घेऊन कर्टिस घसा फोडून ओरडत होता, "अगं, कंबर सैल सोड! कोंबडा आहेस, खांब नाहीस!"