शमुवेल मास्तरांचं उपरणं

शमुवेल मास्तरांच्या खांद्यावरचं उपरणं लांबून एखाद्या दोरखंडासारखं दिसे. जवळ गेलं की कळे, त्याला गाठी मारलेल्या आहेत. काही अडलं, बिघडलं, हातचं गेलं की मास्तर जागच्या जागी उभे राहत, पागोटं काढून काखेत धरत, उपरण्याला एक गाठ मारत आणि आभाळाकडं बघून म्हणत, "बांधायचं माझं, सोडायचं त्याचं." मग पागोटं पुन्हा डोक्यावर आणि विषय संपला.

एकदा गाठ मारली की ती काळजी देवाची. मास्तर मग तिला बोटसुद्धा लावत नसत. काम मार्गी लागलं तरी कापडावरची गाठ सोडायची ती त्यांच्या बायकोनं, साराबाईंनी. त्या दातांनी गाठ ओढत म्हणत, "सोडायचं त्याचं म्हणता, अन् दात माजे झिजायलेत!"

हे आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. मास्तरांच्या वाडीतली ख्रिस्ती मंडळी मला दरसाल बोलावून हार घालतात. त्यांच्या दफनभूमीची जागा माझ्या खटपटीमुळे मिळाली असं त्यांना वाटतं. यंदा तिच्या फाटकाशी दगड बसवून त्यावर माझं नाव कोरायचं ठरलं आहे. ते कोरलं जाण्याआधी खरं काय ते सांगितलं पाहिजे.

निजाम सरकारच्या अमलात मी एका तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो. कचेरीचं नाव सांगत नाही. दोष माझा आहे, कचेरीचा नाही. मास्तरांची वाडी गेवराईच्या बाजूला, गंगेपासून, म्हणजे आमच्या गोदावरीपासून, दोन कोसांवर. पंधरा-वीस घरं. मास्तर सकाळी शाळा घेत, रविवारी उपदेश करत आणि उरलेला वेळ गाठी मारण्यात जाई.

त्यांचं एक तट्टू होतं. त्याचं नाव फारो. बायबलात मिसर देशाच्या फारो राजाचं मन देवानं कठीण केलं होतं, तसंच याचं, म्हणून. फारो चकलांब्याच्या बाजारात भर गर्दीत बसकण मारी. लोक हसत, कुणी शेपूट पिरगाळायला सांगे. मास्तर शांतपणे गाठ मारत आणि त्याच्या शेजारी बसून राहत. एकदा धीर धरण्याविषयीचा उपदेश त्यांनी रात्रंदिवस खपून लिहिला आणि सकाळी बकरीनं तो खाल्ला. मास्तर म्हणाले, "तिला जास्त गरज असंल." पुढं आठ दिवस ती बकरी दूध काढायला उभी राहत नव्हती. साराबाई म्हणाल्या, "बगा, उपदेश कुनालाच लागू पडंना."

असे हे मास्तर एक दिवस कचेरीत अर्ज घेऊन आले. वाडीत कुणी वारलं की मयत गंगेपलीकडं मिशनच्या दफनभूमीत न्यावं लागे. पावसाळ्यात तर फार हाल होत. वाडीजवळच्या गायरानातला एक तुकडा दफनासाठी मिळावा, एवढंच मागणं. अर्ज मी उर्दूत लिहून दिला. मास्तर म्हणाले, "मुन्शीजी, आमची म्हातारी, सारा, खोकायलीय. घाई न्हाई, पर तिला पान्याची लई भीती."

कचेरीत दर गावाच्या कागदांचा एक बस्ता असे, लाल कापडात बांधलेला. ज्या गावात वस्तीच उरली नाही, दिवाच लागत नाही, त्याला सरकारी भाषेत बेचिराख गाव म्हणत. त्याचाही बस्ता असे. तो वर्षातून एकदा झटकायचा आणि पुन्हा ठेवायचा. मास्तरांच्या वाडीला लागून असंच एक बेचिराख गाव होतं. संध्याकाळच्या घाईत त्यांचा अर्ज मी त्या बस्त्यात बांधला.

चूक चार महिन्यांनी ध्यानात आली. तेव्हा नवे तहसीलदार आले होते. एक कागद गहाळ केला म्हणून एकाला त्यांनी घरी बसवल्याचं आम्ही ऐकून होतो. मी घाबरलो. अर्ज बाहेर काढला तर चार महिने कुठं होता हे विचारतील. मी बस्ता पुन्हा बांधला, आणि मास्तर आले तेव्हा म्हणालो, "अर्ज बीडला गेलाय."

"ठीक," मास्तर म्हणाले. पागोटं काखेत, उपरण्याला गाठ.

पुढच्या खेपेला तो औरंगाबादेला गेला. त्यानंतर हैदराबादेला. माझ्या बैठकीपासून तीन हातांवरच्या कपाटात पडून त्या कागदानं सगळी रियासत पालथी घातली. मास्तर तर रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना करू लागले, वाटेत पाऊस लागू नये म्हणून!

"हैदराबादेत कुनापाशी हाय?" त्यांनी एकदा विचारलं. "नाव सांगा, प्रार्थनेत घेतो."

काय सांगणार? मी ठोकून दिलं, "मीरसाहेबांपाशी. त्यांची तब्येत बरी नसते."

"काय होतंय?"

"पोट."

झालं. दर रविवारी सगळी वाडी डोळे मिटून मीरसाहेबांच्या पोटासाठी प्रार्थना करू लागली. साराबाईंनी ओव्याची पुरचुंडी करून माझ्याकडं दिली, "टपालातून धाडा" म्हणून. तहसीलदारांपुढं कागद ठेवणारे आमचे पेशकार कादरमियाँ यांना मी सगळं सांगितलं होतं. ते हसून हसून लाल झाले. "मियाँ, तुम्हारे मीरसाब तो अब सौ बरस जीते!" मीही हसलो. ओवा आम्ही दोघांनी जेवणावर खाल्ला.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात साराबाई गेल्या. गंगेला पूर होता. नाव चालत नव्हती, म्हणून गूळ शिजवायची मोठी काहील आणली आणि तिच्यात ठेवून त्यांना पलीकडं नेलं. दोन्ही बाजूंनी पोहणारे, आणि मास्तर काहिलीत बसून त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवून. पाण्याची भीती वाटू नये म्हणून. हे मला कादरमियाँनी सांगितलं. त्या दिवशी ते हसत नव्हते.

मी तसाच उठलो, बेचिराख बस्ता सोडला, अर्जावरची धूळ पुसली आणि तहसीलदारांपुढं ठेवला. त्यांनी जागेची पाहणी करवून आठ दिवसांत सही केली. अर्ज इतके दिवस कुठं होता, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

मास्तर कचेरीत गूळ वाटायला आले. "मीरसाहेबांना आराम पडला म्हनायचा," ते म्हणाले. मी गुळाचा खडा तोंडात टाकला. तो विरघळेपर्यंत मला मान वर करता आली नाही. उपरणं मात्र मी पाहिलं. ते गाठींनी इतकं आखडलं होतं की खांद्यावर कसंबसं पुरत होतं. सोडणारी राहिली नव्हती.

त्यानंतर मास्तर दर रविवारी प्रार्थना आटोपली की गंगेवर जाऊन बसू लागले. बसून मोठ्यानं बोलत. लोकांना करमणूक झाली. कुणी म्हणे, मास्तर आता माशांना बाटवायलेत. शेवटी एका रविवारी मी धीर करून गेलो.

मास्तर पलीकडच्या तीराकडं तोंड करून सांगत होते, "...भाकर आजबी करपली. अन् फारो चकलांब्यात पुन्ना बसला. त्याच जागी."

मला बघून ते जराही ओशाळले नाहीत. बोट दाखवून म्हणाले, "ती पल्याडची चिंच दिसती का? तिच्याखाली हाय ही. आता जागा मिळाली, आमी समदे हिकडंच ऱ्हाणार. ही एकलीच तिकडं."

मी सगळं सांगून टाकलं. बस्ता, बीड, औरंगाबाद, हैदराबाद. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मग मीरसाहेब?"

"नाहीतच, मास्तर."

"अन् त्यांचं पोट?"

मास्तरांनी उपरण्याचं एक रिकामं टोक शोधलं आणि गाठ मारली. करकचून, दोनदा ओढून. पागोटं काढलं नाही, आभाळाकडं बघितलं नाही. "बांधायचं माझं," एवढंच म्हणाले आणि उठून चालू लागले.

त्यांनी ही गोष्ट वाडीत कुणालाही सांगितली नाही. म्हणून तर लोक मला आजवर हार घालत आले, आणि मी मान वाकवत आलो. दगड बसवणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, नाव कोरायचं तर साराबाईंचं कोरा. त्या जागेवर पहिला हक्क त्यांचा होता.

एक सांगायचं राहिलं. मी पुढचे चार रविवार गंगेवर गेलो. मास्तर माझ्याकडं बघत नसत. मी मागं उभा राही आणि परत येई. पाचव्या रविवारी त्यांनी न वळता अंग चोरून बाजूला जागा केली.

"बसा की, मुन्शीजी. कावून हुबं ऱ्हायलात?" मग चिंचेकडं तोंड करून म्हणाले, "हे बग, मागं सांगितलं न्हवतं का तुला, तेच हे. ज्यांच्यापाशी ओवा दिलतास, ते."

मी बसलो. त्यांच्या खांद्यावरून उपरण्याचं, त्या दिवशी गाठ मारलेलं, ते टोक माझ्यापुढंच लोंबत होतं. बाकीच्या साऱ्या गाठी जागच्या जागी होत्या. ते टोक तेवढं चुरगळलेलं, पण मोकळं होतं.

"मास्तर, ही गाठ..."

"सोडली त्यानं," मास्तर म्हणाले आणि उजवा हात पटकन उपरण्याखाली घेतला. पण तोवर मी पाहिलं होतं. अंगठ्याचं नख मुळापर्यंत उकललेलं होतं.