भोपळा पॅनल, मका पॅनल आणि केदारची नोकरी

नगरच्या एमआयडीसीतल्या 'हंबर पशुखाद्य' कंपनीत व्हिडिओ गेममुळे इतकं जबरदस्त टीम बिल्डिंग झालं, की एका टीमच्या तीन टीम झाल्या! असो. असं काही झालेलंच नाही. तुम्ही ऐकलं नाही, आम्ही बोललो नाही. आपण सोमवारपासून सुरुवात करू. सोमवारी सगळं छान होतं आणि केदार गंधे खुर्चीवर उभा राहून भाषण करत होता.

केदार म्हणजे कंपनीचा नवाकोरा एच.आर. अजून प्रोबेशनवर. शनिवारी मालक रविराजशेठ येऊन बघणार होते, की गोडाऊनची आणि हिशेब विभागाची माणसं एकमेकांशी बोलायला लागली का. लागली, तर केदारच्या नोकरीत कायम होण्याच्या पत्रावर सही. नाही लागली, तर केदार मोकळा. आणि मोकळं होणं केदारला परवडणारं नव्हतं, कारण 'कायम झालोच समज' असं त्याने आईला सांगून टाकलं होतं आणि आईने ते वधूवर सूचक मंडळाला!

भांडण होतं कूलरचं. तोंड कुणाकडे करायचं यावरून पेटलेलं. तेव्हापासून गोडाऊनचे छगनराव औटी आणि हिशेबाच्या यामिनी मॅडम एकाच खोलीत बसून कँटीनच्या बनुबाईंमार्फत बोलत.

"बनुबाई, मॅडमला सांगा, गाडी भरलीय."

"बनुबाई, त्यांना सांगा, मी बहिरी नाही."

"ह्या गेममध्ये भांडायला जागाच नाही!" केदार खुर्चीवरून गरजला. "सगळ्यांचं मिळून एकच शेत! कोणी नांगरायचं, कोणी पाणी द्यायचं. एकी नसेल तर पीक जळतं. लिहून देतो, शनिवारपर्यंत तुम्ही एका ताटात जेवाल!"

भिंतीवरच्या टीव्हीत परदेशी शिवार उगवलं. लाल छपराचा गोठा, टुणटुणीत गाई. सगळ्यांच्या मोबाईलवर एकेक छोटा शेतकरी नाचायला लागला.

"गंधेसाहेब, गाय लई गुटगुटीत हाय," छगनराव बारकाईने बघत म्हणाले. "म्हंजी आपलं खाद्य खात न्हाई."

पण खेळ रंगला हो! चहा थंड व्हायच्या आत नांगरट उरकली. आणि मग तो क्षण आला.

"छगनराव, तुमच्या तुकड्याला पाणी सोडू का?" यामिनी मॅडम म्हणाल्या. थेट! बनुबाईंशिवाय!

"सोडा की मॅडम!"

केदारच्या डोळ्यांत पाणी आलं. बनुबाई हातातला ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यांचं खातंच बंद झालं होतं. तेवढ्यात पडद्यावर पाटी झळकली: 'पुढच्या हंगामात काय करायचं? भोपळा, मका, की शेत पडीक ठेवायचं? सर्वांनी मतदान करा.'

दुसरीकडे कुठेही लोकांनी बोट टेकवलं असतं आणि विषय मिटला असता. पण हा नगर जिल्हा! इथे तान्हं पोर पहिल्यांदा भिंतीला धरून उभं राहिलं, की घरचे विचारतात, "कुठल्या पॅनलमधून?"

छगनरावांनी मोबाईल सावकाश खिशात घातला.

"मतदान आज न्हाई व्हनार. आधी अर्ज भरायचे. मग छाननी, माघार, चिन्हवाटप."

"अहो, फक्त बटण दाबायचंय!"

"बटन कशाचं का आसंना, पद्धत म्हंजी पद्धत."

केदारने आशेने एम.कॉम. झालेल्या यामिनी मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही तरी सांगा."

"सांगते ना," मॅडम म्हणाल्या. "मक्याचा उमेदवार मी. आणि केदार, आचारसंहिता लागलीय. त्या कूलरवर कापड टाका, कुणाचा प्रचार नको."

दोन्ही बाजूंचा विश्वास एकाच व्यक्तीवर होता, म्हणून बनुबाई निवडणूक निर्णय अधिकारी झाल्या. मंगळवारी कँटीनमध्ये फ्लेक्स लागले. 'भोपळ्याचे भाग्यविधाते मा. छगनराव' आणि समोर 'एकच ध्यास, मक्याचा विकास'. बुधवारी गेममध्ये भोपळा पॅनलची ट्रॅक्टर रॅली निघाली. उत्तर म्हणून गुरुवारी मका पॅनलची निघाली. दोन्ही रॅल्या उभ्या पिकातून गेल्या. ज्या शेतासाठी निवडणूक, त्या शेताचं मैदान झालं! गोठा पडला. गुटगुटीत गाय कुंपण मोडून निघून गेली.

केदार मात्र खूश! कोणी उशिरा येईना, कोणी रजा मागेना, दिवसभर नुसती चर्चा! त्याने शेठना कळवून टाकलं, 'कर्मचाऱ्यांत अभूतपूर्व उत्साह.'

शनिवारी सकाळी तो नवा शर्ट घालून ऑफिसात आला आणि पाहतो तर काय, आत चिटपाखरू नाही. फाटकावर रिकामे ट्रक उभे आणि ड्रायव्हर हॉर्नवर बसल्यासारखे वाजवतायत. केदारने घाबरून छगनरावांना फोन लावला. पलीकडे धबधब्याचा आवाज.

"भंडारदऱ्याला हाय! मानसं फुटाया लागल्ती गंधेसाहेब. मॅडमनी आमच्यातल्या दोघांना आइस्क्रीम खाऊ घातलं. मंग रातोरात उचलली समदी आन् हितं आनली."

"आणि मॅडमची माणसं?"

"ती म्हाबळेश्वरला. आमी बी लक्ष ठेवून हाय!"

"अहो, पण आज शेठ येणारेत!"

"येऊंद्या की. आजचं मतदान मोबाईलवरनं करतो."

फोन ठेवतोय तोच शेठची गाडी आत आली.

"काय रे गंधे, माणसं कुठायत?"

"सहलीला गेलीत, शेठ."

"वा! एकत्र?"

"दोन गाड्यांनी."

"एकाच ठिकाणी?"

केदारने डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. भोपळा, मका, रॅली, आइस्क्रीम, भंडारदरा. शेठ ऐकत राहिले. त्यांचे कान तांबडे झाले. मिशी थरथरली. केदारने मनातल्या मनात वधूवर मंडळाचा राजीनामा दिला.

"गंधे," शेठ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पडीकचं बटण अजून मोकळं आहे का?"

"अं?"

"तिसरी आघाडी रे! दूध संघाला पडल्यापासून हात शिवशिवतायत माझे! तुझं मत कुणाला?"

"अजून ठरवलं नाही."

"म्हणजे तू मोकळा मतदार! बस गाडीत. तुला असं उघड्यावर ठेवणं बरं नाही."

गाडी सुपा गाव ओलांडून ढाब्यावर थांबली. 'पडीक पॅनल'चा एकमेव मतदार मिसळ खात होता. शेठ आग्रहाने वाढत होते. केदारला वाटलं, हाच मुहूर्त! त्याने पत्र पुढे सरकवलं. शेठनी हसत पेनचं टोपण काढलं, निब कागदाला टेकवणार एवढ्यात दचकून टोपण परत लावलं.

"मला निवडणुकीतून बाद करतोस काय रे? मतदाराला कायम केलं तर आमिष होईल ते! आचारसंहिता उठू दे, दुसऱ्या मिनिटाला सही."

संध्याकाळी निकाल लागला. 'कुणालाही बहुमत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा मतदान करा.'

पुन्हा झालं. पुन्हा तेच. भोपळा हटेना, मका झुकेना, आणि पडीकचे उमेदवार तर कंपनीचे मालकच. आता सगळं ऑफिस एकमेकांशी थेट बोलतं, बहुतेक वेळा माईकवरून. ट्रक वेळेवर भरतात, कारण दुपारी सभा असते. आचारसंहिता मात्र उठत नाही. शेवटी केदारने अर्ज लिहिला. बनुबाईंनी तो पोह्यांच्या डब्याखाली ठेवला आणि म्हणाल्या, "छाननीत बगू." तो असा:

'मा. निवडणूक निर्णय अधिकारी, कँटीन, यांसी. विषय: मतदारत्वातून सुटका मिळणेबाबत. महोदया, मी मतदार असल्याने मला कायम करता येत नाही व कायम नसल्याने माझे घरी तोंड दाखवता येत नाही. तरी अर्जदार केदार गंधे यास केवळ मतदानापुरते मयत घोषित करून नोकरीत मात्र तहहयात कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती.'